नावानंतरची जागा

उत्कर्षाला एक माइक घ्यायचा होता, इतक्या साध्या गोष्टीपासून हे सगळं सुरू झालं.

मुलगी बोईसरची. तिचे वडील पुंजाराम जळगावकडून तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला आले, तिथंच निवृत्त झाले आणि बोईसरात दोन खोल्यांचं घर घेऊन राहिले. उत्कर्षा कोळगावात, पालघरच्या जिल्हा मुख्यालयात कंत्राटावर संगणकाचं काम करायची. तिच्या डोक्यात पॉडकास्ट शिरला होता. ‘खाडीकाठ’ हे नाव ठरलं, चित्र ठरलं, सुरुवातीला वाजवायची धूनसुद्धा ठरली. कोणी बोलायचं आणि काय बोलायचं, तेवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्याऐवजी ती साधनं निवडत बसली होती. वहीत रकाने पाडले होते. कॉलरचा माइक की टेबलावरचा? फोनवर रेकॉर्ड करायचं की लॅपटॉपवर? आवाज साफ करणारं ॲप कोणतं, बोललेलं लिहून देणारं कोणतं? आणि होस्टिंग, म्हणजे तयार झालेला भाग ठेवायचा कुठं आणि तिथून तो किती ठिकाणी पोचणार? तिचा मित्र भाग्येश पालघरला लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने वही चाळली आणि हात जोडले.

“बाई, आधी एक माणूस बोलता कर. मग माइक बघू.”

तो माणूस दिला हेमालीने. हेमाली तिच्याच कार्यालयात, शेजारच्या टेबलावर. महिन्याभराने तिचं लग्न होतं. तारापूरच्या पुढे खाडीला लागून तिचं गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात. हेमालीची आजी हिरा गावची धवलारीण, म्हणजे लग्नाच्या मांडवात धवले गाणारी, विधी करून घेणारी बाई. मांडव घातला की घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलवायचं, हे तिचं पहिलं काम. ते बोलावणं पुरं येणारी गावात आता ती एकटीच उरली होती.

“पण आजी या लग्नात गाणार नाही म्हणते,” हेमाली डबा उघडता उघडता म्हणाली. “माझ्या बाबांमुळे.”

हेमालीचे बाबा, जानू, सहा वर्षांपूर्वी बोटीवर गेले ते परत आले नव्हते. बोटही मिळाली नाही, माणूसही मिळाला नाही. कोणी म्हणे वादळात बुडाली, कोणी म्हणे पलीकडच्या हद्दीत गेली आणि ते तुरुंगात आहेत. हिराआजीचा पेच एवढाच होता. जानू गेला असेल आणि मांडवात त्याचं नाव घेतलं नाही, तर बाप स्वतःच्या लेकीच्या लग्नात दाराबाहेर उभा राहणार. आणि जिवंत असेल आणि नाव घेतलं, तर आईनेच आपल्या तोंडाने पोराला मेलेल्यांत बसवल्यासारखं होणार.

ऐकून उत्कर्षाला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, पहिला भाग मिळाला याचा आनंद त्याहून मोठा होता.

रविवारी दुपारी ती नवा कॉलरचा माइक घेऊन गावात पोचली. अंगणात वलांडीवर, बांबूच्या आडव्या दांडीवर, बोंबील वाळत होते. हिराआजी ओट्यावर बसून जवळा निवडत होती. सत्तरीची बाई, पण आवाज अजून खणखणीत. तिने आधी नाहीच म्हटलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “ह्या तुज्या यंत्राला किती बारीक ऐकाय येतं?”

“खूप बारीक, आजी. आपल्या कानाला न येणारंसुद्धा. आणि किती माणसं बोलली, कोण काय बोललं, सगळं वेगवेगळं लिहून देतं.”

आजीचे हात थांबले. जवळ्याचं सूप बाजूला ठेवून ती उठली आणि पाय धुऊन आली.

“बस. घेते मी बोलावनं.”

वाऱ्याचा फडफडाट माइकमध्ये येत होता, म्हणून त्या माजघरात बसल्या. हेमालीने दार लोटलं. उत्कर्षाने माइक आजीच्या पदराला लावला, कानाला हेडफोन चढवला आणि बटण दाबलं. आजीने डोळे मिटले.

“मांडवाच्या दारी पाट मांडिला, या हो या... पाटावरी पानी शिंपिला, या हो या... सोमा बाबा, या हो या...”

एवढं म्हणून ती थांबली. उत्कर्षाला वाटलं, दम लागला असेल. पण नाही. दुसरं नाव घेतलं आणि पुन्हा तेवढीच थांबली. तीन श्वास. प्रत्येक नावानंतर तीन श्वासांची रिकामी जागा. सासरे, सासू, चुलते, नवरा, पाळण्यात गेलेली एक मुलगी. अशी अकरा नावं झाली. त्या रिकाम्या जागांत माजघर इतकं शांत व्हायचं की बाहेरच्या बोटींची इंजिनं, कोंबड्या, शेजारचा टीव्ही, सगळं कोणीतरी झाकून ठेवल्यासारखं बंद पडायचं. आणि तेवढ्यापुरता कुठून तरी ओल्या दोराचा वास यायचा. पुढचं नाव आलं की वास नाहीसा.

उत्कर्षाची नजर फोनवर गेली. आवाज दाखवणारी हिरवी रेघ रिकाम्या जागेत सपाट पडायला हवी होती. ती हलत होती.

बाराव्या वेळी आजीचा आवाज फुटला.

“जानू... माजा बाला... ये रं ये...”

हेमालीने तोंडावर ओढणी दाबली. तीन श्वास गेले, सहा गेले, दहा गेले. मग आजीने डोळे उघडले आणि पदराचा माइक स्वतःच काढून दिला.

“झालं.”

बोईसरला आल्यावर उत्कर्षा कामाला लागली. आधी तिने रिकाम्या जागा आपोआप कापणारं ॲप लावून बघितलं, कारण भाग्येश म्हणायचा की ऐकणाऱ्याला थांबायला वेळ नसतो. ॲपने एकही जागा कापली नाही. खाली लिहून आलं, ‘शांतता आढळली नाही’. मग तिने ती फाइल बोललेलं लिहून देणाऱ्या ॲपमध्ये घातली. पाच मिनिटांत मजकूर आला. वर लिहिलं होतं: वक्ते, तेरा.

ती हसली. फुकटचं ॲप, असंच असायचं. मग वाचायला लागली.

वक्ता एक म्हणजे हिराआजी, ते बरोबरच होतं. सोमा बाबांच्या नावानंतर वक्ता दोन: ‘आलो’. त्यानंतर वक्ता तीन: ‘आले’. अकराही जागांत प्रत्येकी एक शब्द. आलो, आले, आलो. पाळण्यातल्या मुलीच्या नावानंतर नुसतं ‘आ’. आणि जानूच्या नावानंतर दोन शब्द होते.

‘लांब हाय.’

उत्कर्षाने हेडफोन कानांवर गच्च दाबून ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. काहीच नव्हतं. पंख्याची घरघरसुद्धा नाही. तिने ते ॲप वहीतून खोडलं आणि दुसरं घेतलं. तीच फाइल, तेच तेरा वक्ते, त्याच अकरा जागांत तेच अकरा शब्द. फक्त शेवटच्या जागेत वेगळं होतं.

‘खाडीत शिरलो.’

तिसरं ॲप लावायला तिचा हात धजेना. दुसऱ्या दिवशी ती पालघरला भाग्येशच्या दुकानात गेली. तिथं त्याच्या मोठ्या संगणकावर, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक असताना त्यांनी ते लावलं.

‘जेट्टीवर हाय.’

भाग्येशने हेडफोन घालून ती जागा ऐकली. एकदाच. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि कान चोळले.

“काय ऐकलंस?”

“काही नाही. पण... डिझेलचा वास येतो का गं तुला? आणि बर्फाचा?” तो खुर्ची मागे सरकवत म्हणाला. “उत्कर्षा, हे कुठं टाकू नकोस.”

संध्याकाळी हेमालीच्या फोनवरून आजीचा आवाज आला. “बोलला काय गं?”

खोटं बोलायचं उत्कर्षाने ठरवलं होतं, पण त्या आवाजापुढे जमलं नाही. तिने सगळं सांगितलं. आधी लांब, मग खाडीत, मग जेट्टीवर. पलीकडे आजी रडत रडत हसली.

“जिता हाय माजा पोर! अगं, मेलेला हाकेसरशी येतो, त्याला काय वाट! जित्यालाच चालाय लागतं. बाकीचे पटकन आले ना? ह्यो चालत येतोय.”

उत्कर्षाच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा होता. तिलाही ते पटलं. पटावंसं वाटलं, म्हणा.

“पोरी, माजं बोलावनं लांब लांब धाड,” आजी म्हणाली. “दुबयला, गुजरातला, पलीकडच्या तुरुंगाच्या भिंतीपोतर. जिथं असंल तिथं त्याच्या कानावर पडू दे.”

होस्टिंगचा प्रश्न असा सुटला. ज्या सेवेतून भाग एकदा चढवला की जगभरच्या सगळ्या ॲपवर एकदम जातो, ती तिने निवडली. भाग्येशला विचारलं नाही. अर्जात एक रकाना होता: या भागात किती व्यक्तींचे आवाज आहेत? सर्वांची संमती घेतली आहे का? तिने ‘एक’ लिहिलं, ‘हो’ वर खूण केली आणि भाग चढवला.

पहिल्या दिवशी चाळीस जणांनी ऐकला. आठवड्यात तीनशेच्या वर गेले. ‘खाडीकाठ’ला एवढं यश मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, ती खूश झाली. चौथ्या दिवशी वसईहून एका बाईचा संदेश आला. ‘फार सुंदर गाणं आहे. ऐकताना गंमत झाली. शेवटच्या नावाला कोणीतरी दाराची कडी वाजवली आणि आये, अशी हाक मारली. उघडलं तर कोणी नव्हतं.’

उत्कर्षाने हसरा चेहरा पाठवला. पण मग डहाणूहून आला, वेरावळहून आला, शारजाहून एका माणसाचा आला. शारजावाला सोळाव्या मजल्यावर राहत होता. ‘गॅलरीच्या दारावर टकटक झाली,’ त्याने लिहिलं होतं. ‘आये हाय काय, असं विचारलं. आमच्या गॅलरीला बाहेरून यायला वाट नाही.’

पाचव्या दिवशी ती कामावरून घरी आली तर बाबा पेपर वाचत होते.

“दुपारी कोणी कोळी माणूस आला होता,” ते मान वर न करता म्हणाले. “आई हाय काय, विचारत होता. मला वाटलं मासळीवाला. तुझ्या आईला हाक मारायला आत वळलो, तेवढ्यात गेला.”

“कसा होता दिसायला, बाबा?”

“जाळीच्या दारातून काय दिसतंय? उजेड पाठीमागून होता.” मग त्यांनी पेपर खाली केला. “नाव विचारलं मी. तर म्हणतो, नाव तुमीच घेतलंत की.”

त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. उत्कर्षा मात्र तशीच चपला घालून उभी राहिली. ती दुपारी कार्यालयात होती. पण भाग कसा वाजतो ते आईला दाखवायला तिने सकाळी घरच्या टीव्हीवर तो लावून ठेवला होता, आणि आई कौतुकाने दिवसभर तो पुन्हा पुन्हा ऐकत बसली होती.

पुढच्या रविवारी ती भाग्येशला घेऊन गावात गेली. दोन वाजले असतील. ऊन कडक होतं. आजीचं पुढचं दार बंद होतं. मागच्या दाराने हेमालीने त्यांना आत घेतलं. माजघरात पाट मांडलेला, ताट वाढलेलं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. आठवडाभर रोज वाढत होती, हेमाली हळूच म्हणाली. रोज भाकरी वाळून जात होती.

“आला नाय,” हिराआजी म्हणाली. आठवड्यात ती फार खंगली होती. “जेट्टीवर हाय म्हनाला. जेट्टी ही काय, हाकेवर. अजून का येत नाय?”

उत्कर्षाने तिला संदेश वाचून दाखवले. वसई, डहाणू, वेरावळ, शारजा, मग स्वतःचं बोईसरचं घर. एकूण एकशे नव्वद दारं झाली होती. आजी एकेक नाव ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

“म्हंजे सगल्यांच्या दारी गेला... आनि माज्या दारी नाय?”

“आजी, जिथं जिथं तुमचा आवाज वाजला, तिथं तिथं तो गेला. तुमच्याकडे ते ॲप नाही. तुमच्या घरात तो भाग एकदाही वाजलेला नाही.” हे बोलताना उत्कर्षाला रडू आलं. “चूक माझी आहे. मीच सगळीकडे धाडला.”

“तुजी नाय.” आजीने पाटाकडे बघितलं. “माजी हाय. बोलावलं का पाठवाय बी लागतं. जेवलात, आता जा, असं म्हनून एकेकाला वाटेला लावाचं, मगच धवलारनीनं उठाचं. मी नाय पाठवला. सा वर्सांनी नाव घेतलं व्हतं गं... लगेच कसं जा म्हनू?”

भाग्येशने फोन काढला. “आजी, आत्ता इथं लावू या का? तुमच्या घरात?”

त्यांनी लावलं. आजीचाच आवाज माजघरात घुमला, नावामागून नावं गेली. जानूचं नाव आलं. सगळे दाराकडे बघत होते. तीन श्वास, सहा, दहा. काही नाही. कडी हलली नाही. त्याच क्षणी उत्कर्षाच्या फोनवर संदेश आला. नाशिकची कोणी बाई होती. ‘आत्ता. बेल वाजतेय. कोण आहे हा माणूस?’

आजीने ते वाचायला लावलं. मग मान खाली घातली. तिचं मन कुठून कुठं जात होतं ते तिच्या बोटांवरून कळत होतं. पदराचं टोक ती गुंडाळत होती, सोडत होती.

“दारोदार फिरतोय माजा पोर,” ती शेवटी म्हणाली. “उन्हाचा. कोन पानी बी देत नसंल. दमला असंल... घे गं तुजं यंत्र. पाठवते मी त्याला.”

“आजी, नको!” हेमाली ओरडली. “पाठवलंस तर... म्हणजे बाबा...”

“म्हंजे गेला. व्हय.” आजीचा आवाज आता स्थिर होता. “तुज्या मांडवात त्याचं नाव घेऊ. पन त्याला असं परक्यांच्या उंबऱ्यावर नाय र्‍हाऊ द्याचा.”

उत्कर्षाने फोन पाटासमोर ठेवला. भाग्येशच्या दुकानातलं ते तिसरं ॲप आता त्यातही होतं, बोलता बोलता लिहून दाखवणारं. माइक लावला नाही, हेडफोन घातला नाही, वहीतलं काही आठवलंही नाही. आजीने झाकलेल्या ताटाला हात लावला आणि गायला सुरुवात केली.

“जेवलात, धालात, आता वाटेला लागा हो... मागं बगू नका, दिवा मी धरिते हो...”

सोमा बाबांना पाठवलं. थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘जातो.’ सासूला पाठवलं. ‘जाते.’ अकराही जणांना पाठवून झालं. ओल्या दोराचा वास एकेकासरशी कमी होत गेला आणि माजघरात पुन्हा वाळत्या बोंबलांचा नेहमीचा वास भरला. हेमालीने उत्कर्षाचा हात घट्ट धरला होता.

“जानू... माजा राजा... जा रं आता...”

आजी थांबली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण तिने डोळे उघडले नाहीत.

तेवढ्यात फोन थरथरायला लागला. एकामागून एक संदेश पडत होते. वसई: ‘गेला.’ शारजा: ‘गेला बहुतेक. टकटक थांबली.’ नाशिक, वेरावळ, डहाणू. मग घरून बाबांचा. ‘तो माणूस परत आला होता. आता गेला. खाडीकडे कसं जायचं विचारत होता.’

भाग्येशने सुस्कारा सोडला. उत्कर्षालाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. संदेश बाजूला सारून तिने ॲप पुढे घेतलं, आजीला शेवटचा ‘जातो’ दाखवावा म्हणून. शेवटच्या जागेत अजून अक्षरं उमटतच होती, सावकाश, दमून बोलणाऱ्याची उमटावीत तशी. वक्ता क्रमांक नवीन होता, चौदा. या आधी कुठल्याच फाइलमध्ये तो आला नव्हता.

‘आये, मी अजून लई लांब हाय. मी कुनाच्याच दारी गेलो नाय. तो दुसरा हाय. त्याला माजं नाव देऊ नको.’

उत्कर्षाने ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. ओठ हलत होते, पण त्यातून आवाज निघेना.

“काय म्हनतो गं माजा पोर?” आजीने विचारलं.

पुढच्या दाराची कडी वाजली. आधी हळू, मग पुन्हा एकदा, ओळखीच्या माणसाने वाजवावी तशी.

“आये,” बाहेरून कोणीतरी म्हणालं.

हिराआजीने ताटावरचं झाकण काढलं, पदराने डोळे पुसले आणि दार उघडायला उठली.